जायफळाच्या बेटावरील धावपटू

पुरणात किंवा श्रीखंडात शेवटी किसून घातले जाणारे जायफळ आपल्या स्वयंपाकघरात एवढेसे असते. एकच फळ महिनोन्महिने पुरते. त्या जायफळाचे चित्र आपल्या राष्ट्रध्वजावर अभिमानाने मिरवणारा एक देश कॅरिबियन समुद्रात आहे. त्याचे नाव ग्रेनाडा. क्षेत्रफळ अवघे ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून थोडे अधिक. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याएवढी. हा देश १९७४ साली स्वतंत्र झाला आणि १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये भाग घेऊ लागला. पुढील अठ्ठावीस वर्षे त्याला एकही पदक मिळाले नाही.

२००८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात या देशातील एक सोळा वर्षांचा मुलगा आपल्या पुण्यात आला होता. राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांचे तिसरे पर्व त्या वर्षी १२ ते १८ ऑक्टोबर या काळात पुण्यात भरले होते. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात देशोदेशीचे किशोरवयीन खेळाडू जमले होते. आपल्याकडील अनेकांना त्या स्पर्धेतील सायना नेहवालचे सुवर्णपदक आठवत असेल. कोल्हापूरच्या राही सरनोबतचे नेमबाजीतील यशही आठवत असेल. भारत पदकतालिकेत पहिला आला होता आणि आपला आनंद साहजिकच आपल्या मुलांपुरता होता. चारशे मीटर धावण्याचे सुवर्णपदक घेऊन गेलेल्या त्या सोळा वर्षांच्या मुलाकडे आपले विशेष लक्ष गेले नाही. त्याचे नाव किरानी जेम्स. चार वर्षांनी साऱ्या जगाने ते नाव ऐकले.

वादळानंतरचे बेट

किरानीचे गाव गुयाव. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे मच्छिमारांचे गाव जायफळावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रासाठीही ओळखले जाते. तेथील लोकांचा आहार आणि उपजीविका आपल्या आचारधर्माहून अगदी भिन्न आहे, हे उघडच आहे. परंतु ज्याचा आहार आपला नाही त्याच्या पुरुषार्थाकडे डोळेझाक करावी, असे अनेकांतदृष्टी आपल्याला शिकवीत नाही. जेथे गुण दिसेल तेथे प्रमोदभावना ठेवावी, असेच ती सांगते.

किरानी बारा वर्षांचा असताना, ७ सप्टेंबर २००४ रोजी, आयव्हन नावाचे चक्रीवादळ ग्रेनाडावर आदळले. ३९ माणसे मृत्युमुखी पडली. बेटावरील सुमारे ९० टक्के घरांचे नुकसान झाले. जायफळाच्या बागा मुळासकट उन्मळून पडल्या. त्याआधी जायफळाच्या उत्पादनात इंडोनेशियानंतर ग्रेनाडाचाच क्रमांक लागत असे. जायफळाचे झाड लावल्यानंतर पहिले फळ दिसायला सहा ते आठ वर्षे जातात आणि ते पूर्ण भराला यायला पंधरा-वीस वर्षे लागतात. त्यामुळे घर पुन्हा उभे राहिले तरी बाग पुन्हा उभी राहायला जवळजवळ एक पिढी लागते. ज्यांनी त्या वर्षी पुन्हा रोपे लावली, त्यांनी ती आपल्यापेक्षा आपल्या मुलांसाठीच लावली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

अशा बेटावर खेळाडू कसा घडतो, याचे उत्तर शाळेच्या मैदानात सापडते. ग्रेनाडात दरवर्षी माध्यमिक शाळांच्या आंतरशालेय मैदानी स्पर्धा होतात. तेथे त्यांना ‘इंटरकॉल’ म्हणतात आणि त्या पाहायला साऱ्या देशातून माणसे लोटतात. त्याच्या वरची पायरी म्हणजे ‘कॅरिफ्टा’ स्पर्धा. कॅरिबियन बेटांवरील किशोरवयीन खेळाडूंसाठी १९७२ पासून ईस्टरच्या सुमारास ती भरते. बेटे छोटी असली तरी ती एकत्र आली की स्पर्धा छोटी राहत नाही. जमैका, बहामा, त्रिनिदाद अशा देशांतील उत्तम धावपटूंशी तेथील मुलांची गाठ चौदाव्या-पंधराव्या वर्षीच पडते. ग्रेनाडाला सव्वा लाखांतून हजारो खेळाडू निवडायचे नसतात. त्याला एवढेच पाहायचे असते की धावू शकणारे एकही मूल नजरेतून सुटू नये.

किरानी सुटला नाही. २००७ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने चारशे मीटर अंतर ४६.९६ सेकंदांत पार केले. पुण्याला येण्याआधीच जागतिक पातळीवरील किशोर व कनिष्ठ गटांच्या स्पर्धांत त्याने रौप्यपदके मिळवली होती. पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठात त्याचे शिक्षण व सराव झाला. ३० ऑगस्ट २०११ रोजी, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, तो दक्षिण कोरियातील देगू येथे जगज्जेता झाला.

लंडनमधील दोन क्षण

लंडन ऑलिंपिकमध्ये ६ ऑगस्ट २०१२ रोजी चारशे मीटरची अंतिम शर्यत झाली. किरानीने ती ४३.९४ सेकंदांत जिंकली. अमेरिकेबाहेरील कोणताही धावपटू त्याआधी हे अंतर ४४ सेकंदांच्या आत धावला नव्हता. ग्रेनाडाचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक आणि तेही सुवर्ण. दुसऱ्या दिवशी तेथील सरकारने अर्ध्या दिवसाची सुटी जाहीर केली.

परंतु पुष्कळांच्या स्मरणात राहिला तो त्याच्या आदल्या दिवसाचा क्षण. उपांत्य शर्यतीत त्याच्यासोबत दक्षिण आफ्रिकेचा ऑस्कर पिस्टोरियस धावत होता. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेला हा धावपटू कृत्रिम पात्यांवर धावत असे. किरानी त्या शर्यतीत पहिला आला आणि ऑस्कर शेवटचा. शर्यत संपताच किरानी त्याच्याकडे गेला, त्याला आलिंगन दिले आणि दोघांनी छातीवरच्या नावांच्या पट्ट्या एकमेकांना दिल्या. जिंकणाऱ्याने शेवटच्या माणसाची आठवण आपल्यापाशी ठेवून घेतली. ऑस्करचे पुढील आयुष्य हिंसेच्या अत्यंत दुःखद वळणावर गेले आणि त्याला तुरुंगवास भोगावा लागला. तरी त्या सायंकाळी एकोणीस वर्षांच्या मुलाने दाखवलेला आदर त्यामुळे खोटा ठरत नाही. आपण दिलेला मान समोरच्याच्या भविष्यावर अवलंबून नसतो. तो आपल्या वृत्तीतून येतो.

वेळ सुधारली, पदक नाही

यानंतरची कहाणी पालकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. २०१६ साली रिओमध्ये किरानी ४३.७६ सेकंदांत धावला. लंडनपेक्षा हा वेळ सरस होता. तरीही त्याला रौप्यपदक मिळाले, कारण दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन निकर्कने ४३.०३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. २०१७ साली किरानीला थायरॉईड ग्रंथीचा ग्रेव्ह्ज हा आजार झाल्याचे निष्पन्न झाले. ज्याचे सारे सामर्थ्य शरीराच्या नियमनात, त्याच्या शरीराचे नियमनच बिघडले. उपचार घेऊन तो परतला आणि टोकियोमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. चारशे मीटरमध्ये ऑलिंपिकची तिन्ही रंगांची पदके मिळवणारा तो पहिला धावपटू ठरला.

त्यानंतर पॅरिस. ७ ऑगस्ट २०२४ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो पुन्हा अंतिम शर्यतीत उभा राहिला आणि ४३.८७ सेकंदांत धावला. ज्या धावेने लंडनला सुवर्ण मिळाले होते, त्याहून ही धाव अधिक वेगवान होती. क्रमांक मात्र पाचवा आला.

या दोन आकड्यांपाशी थोडे थांबावे. बारा वर्षांच्या अंतराने तोच माणूस अधिक चांगला धावतो, आणि पहिल्या वेळी त्याच्या देशाला सुटी मिळते तर दुसऱ्या वेळी त्याच्या गळ्यात काहीच पडत नाही. पदक दुसऱ्या कोणाच्या पायांवरही अवलंबून असते. स्वतःची धाव तेवढी स्वतःच्या हातात असते. पुरुषार्थ आपला आणि फळाविषयी समभाव, हे आपण प्रवचनांत अनेकदा ऐकतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी मात्र शेजारच्या मुलाचे गुण पाहिल्याशिवाय आपल्याला स्वतःच्या मुलाचे गुण कळत नाहीत.

वादळ पुन्हा आले

पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला एक महिनाही उरला नव्हता, तेव्हा १ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू या बेटावर धडकले. कॅरियाकू व पेटीट मार्टिनिक ही या देशाची दोन लहान बेटे. त्यांवरील बहुतेक सर्व इमारतींची हानी झाली. घरे छपरांविना उघडी पडली असताना मूठभर खेळाडूंचे पथक पॅरिसला गेले. ३ ऑगस्टला लिंडन व्हिक्टरने डेकॅथलॉन या दहा क्रीडाप्रकारांच्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. ८ ऑगस्टला अँडरसन पीटर्सने भालाफेकीत दुसरे कांस्य मिळवले.

या पीटर्सची ओळख आपल्याला आहे, जरी आपण त्याला नावाने ओळखत नसलो. २०१६ साली पोलंडमधील बिडगोश येथे वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत आपल्या नीरज चोप्राने ८६.४८ मीटरच्या विक्रमी फेकीने सुवर्ण जिंकले, तेव्हा कांस्य घेऊन त्याच मंचावर उभा असलेला मुलगा म्हणजे पीटर्स. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुन्हा नीरज पहिला, पीटर्स तिसरा. २०२२ साली अमेरिकेतील युजीन येथे जागतिक स्पर्धेत चित्र पालटले. पीटर्सने ९०.५४ मीटर भाला फेकून सुवर्ण घेतले आणि नीरज रौप्यपदकाचा मानकरी ठरला. पॅरिसमध्ये नीरजची फेक ८९.४५ मीटर, पीटर्सची ८८.५४ मीटर आणि दोघांच्याही पुढे पाकिस्तानचा अर्शद नदीम. एकशे चाळीस कोटींच्या देशाचा खेळाडू आणि सव्वा लाखाच्या आतल्या देशाचा खेळाडू आठ वर्षांत चार वेळा एकाच मंचावर उभे राहिले. भाला कोणाचीच जनगणना विचारीत नाही.

आपण किती आहोत?

आता थोडे स्वतःकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात जैनांची संख्या सुमारे साडेचव्वेचाळीस लाख, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. महाराष्ट्रात आपण सुमारे चौदा लाख. खेळाचा विषय निघाला की ‘आपला समाज मुळात छोटा’ हे वाक्य हमखास ऐकू येते. परंतु केवळ महाराष्ट्रातील जैनांची संख्या ग्रेनाडाच्या दहापटींहून अधिक आहे. त्या बेटाहून आपली आर्थिक स्थितीही वाईट नाही आणि शिक्षणात तर आपण देशात आघाडीवर आहोत. कोल्हापूर-सांगलीकडील आपल्या शेतकरी कुटुंबांना तालमीची माती परकी नाही.

ही तुलना मर्यादेत ठेवली पाहिजे, हेही खरे. समाज म्हणजे राष्ट्र नव्हे. आपली मुले खेळतील ती भारतासाठी, समाजाच्या नावाची पाटी मिरवण्यासाठी नव्हे. प्रश्न एवढाच आहे की, धावू शकणारे आपले मूल आपल्या नजरेतून सुटत तर नाही ना? नववी संपली की बूट माळ्यावर आणि वर्गांची वेळापत्रके भिंतीवर, हे चित्र आपल्या कितीतरी घरांत दिसते. सातव्या-आठव्या वर्षी लावलेले रोप चौदाव्या वर्षी आपणच उपटतो आणि मग फळ का आले नाही, म्हणून विचारतो.

दुसरी अडचण आहाराची सांगितली जाते आणि ती खोटी नाही. शिबिरात रात्री नऊला जेवण असेल, कंदमुळांशिवाय भाजी नसेल, तर नियम पाळणाऱ्या मुलाची कुचंबणा होते. मग काही घरे नियम सोडतात, तर काही खेळ सोडतात. पण या दोहोंमध्ये जागा आहे. सराव पहाटे ठेवता येतो. सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी उरकता येते. डाळी, कडधान्ये, दूध, सुकामेवा यांचा मेळ जाणकार आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने घालता येतो. गावोगावच्या आपल्या जैन बोर्डिंगांनी आजवर हजारो मुलांना शिक्षणासाठी छप्पर आणि शुद्ध भोजन दिले. तेच स्वयंपाकघर खेळाडू मुलांसाठी थोडे लवकर पेटले आणि तेच अंगण पहाटे धावण्यासाठी मोकळे झाले, तर फार मोठ्या निधीची गरज पडणार नाही. आणि एकासने, उपवास करणाऱ्या घरांतील मुलांना संयम पुस्तकातून शिकवावा लागत नाही. क्रीडांगणावर तोच तर निम्मा सराव असतो.

२०१६ च्या प्रारंभी ग्रेनाडात एक नवे मैदान खुले झाले. त्याला किरानी जेम्सचे नाव दिले गेले. त्याच मैदानावर २०१६ साली आणि पुन्हा २०२४ साली कॅरिफ्टा स्पर्धा भरल्या आणि बेटाबेटांवरची मुले तेथे धावली. वादळात बाग गमावलेल्या बेटाने रोपे लावणे थांबवले नाही.

पुढच्या वेळी पुरणात जायफळ किसताना घरातील मुलांना त्या फळाचा देश नकाशावर शोधायला सांगावे. तो सापडायला वेळ लागेल. सापडला की त्यांना पुण्यात येऊन गेलेल्या त्या सोळा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगावी, आणि माळ्यावर ठेवलेले बूट एकदा खाली काढून पाहावेत. कदाचित ते अजून त्यांच्या पायांना होत असतील.