यशातील प्रशिक्षकाचा वाटा

विदर्भाच्या क्रिकेट संघाने २०१७-१८ च्या हंगामात रणजी करंडक प्रथमच जिंकला, तेव्हा श्रेयाचे वाटप मोठ्या उदारपणे झाले. खेळाडूंइतकेच कौतुक मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि गोलंदाजीचे प्रशिक्षक सुब्रतो बॅनर्जी यांच्या वाट्याला आले. त्या हंगामात रजनीश गुरबानीने ३९ बळी घेतले आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक साधली. मात्र या ३९ बळींपैकी खेळाडूचे किती आणि प्रशिक्षकाचे किती, याचा हिशेब कोणी मांडला नाही. फुटबॉलमध्ये गोलरक्षकाला आणि क्रिकेटमध्ये गोलंदाजाला स्वतंत्र प्रशिक्षक देण्याची प्रथा आता सर्वमान्य झाली आहे. तिच्यावर पैसा खर्च होतो. म्हणून हा हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.

गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादकाला या हिशेबातील अडचण समजावून सांगावी लागणार नाही. पीक उत्तम आले, तर ते बियाण्यामुळे, पाण्यामुळे की मशागतीमुळे, हे एका बांधीकडे पाहून ठरत नाही. शेजारच्या बांधीत तेच बियाणे आणि तेवढेच पाणी असेल, तरच मशागतीचे मोल कळते. खेळात अशी शेजारची बांधी सहसा नसते. नामांकित प्रशिक्षकाकडे निवडक मुलेच येतात. त्यांतील यशस्वी झालेल्यांची नावे लक्षात राहतात आणि बाकीची विस्मरणात जातात. अशा यादीवरून प्रशिक्षकाची थोरवी सिद्ध करणे म्हणजे केवळ भरघोस लोंब्या मोजून एकरी उत्पन्न सांगण्यासारखे आहे.

तरीही काही कसोट्या उपलब्ध आहेत. पहिली कसोटी प्रशिक्षकाच्या स्थलांतराची. पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकला. पण ते मुंबईचे एकेचाळिसावे विजेतेपद होते, त्यामुळे त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. विदर्भाची २०१७-१८ व २०१८-१९ मधील विजेतेपदे आणि मध्य प्रदेशाचे २०२१-२२ मधील पहिले विजेतेपद हा मात्र भक्कम पुरावा आहे. त्याच वेळी, पंडित गेल्यानंतरही विदर्भाने २०२४-२५ मध्ये पुन्हा करंडक जिंकला आणि हर्ष दुबेने एका हंगामात ६९ बळींचा विक्रम केला, हेही नोंदले पाहिजे. संघटनेची घडी नीट बसली की व्यक्तीचे महत्त्व कमी होते.

दुसरी कसोटी अशी : प्रशिक्षक येण्यापूर्वी खेळाडूपाशी काय होते? वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिसच्या चेंडूवर वेगाने गोलंदाजी करीतच होता. वेग कोणी शिकवला नाही. बॅनर्जींसारख्या जाणत्यांनी त्याला वळण लावले. श्रीरामपूरच्या झहीर खानला चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले. परंतु संघातील स्थान गमावल्यावर २००६ मध्ये वूस्टरशायरकडून ७८ बळी घेऊन तो सावरला, तो मुख्यतः सततच्या सामन्यांतील सरावाने. १९८७ मध्ये याच संस्थेत वेगवान गोलंदाज होण्यासाठी गेलेल्या सचिन तेंडुलकरला डेनिस लिली यांनी फलंदाजीकडे लक्ष देण्यास सांगितले. योग्य वेळी दिलेला नकार हेही प्रशिक्षणच होय.

या उदाहरणांतून निष्कर्ष निघतो तो असा, की विशेष प्रशिक्षक गुण निर्माण करीत नाही. तो गुणांची नासाडी टाळतो. साहजिकच जेथे नासाडी अधिक, तेथे त्याचे मोल अधिक. आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या तयार शैलीत तो थोडीच भर घालू शकतो. उलट आमगाव, देवरी किंवा सालेकसा येथील बारा वर्षांच्या मुलाची चेंडू टाकण्याची सदोष ढब तो वेळीच सुधारू शकतो. हा मुलगा नागपूरच्या मैदानावर पोहोचेपर्यंत ती ढब अंगवळणी पडलेली असते, आणि पुष्कळदा पाठीचे दुखणेही जडलेले असते.

रोवणी कितीही काळजीपूर्वक केली, तरी पऱ्हेच रोगट असतील तर पीक साधत नाही. प्रशिक्षकांवरील खर्चाचा ओघ मात्र शिखराकडे आहे. तो तालुक्याच्या मैदानाकडे वळवला, तर प्रशिक्षकांची नावे वृत्तपत्रांत झळकणार नाहीत. पण त्यांचा वाटा तेथेच सर्वांत मोठा असेल.