घोडी अडते तेव्हा

लग्नसराईत अमरावतीहून नागपूरकडे निघालात, तर नांदगाव पेठच्या आसपास एखाद्या छोट्या टेम्पोत उभी असलेली पांढरी घोडी हमखास दिसते. कपाळावर मोत्यांची झालर, पाठीवर मखमली झूल, पायांत घुंगरू. मागे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, पुढे वस्त्रोद्योग वसाहतीकडे वळणारे ट्रक. टांगे गेले, पाटलांच्या वाड्यातली पागा गेली. वऱ्हाडात आज पाठीवर माणूस घेणारे घोडे म्हणजे मुख्यतः नवरदेवाची घोडी आणि हौशी लोकांनी पाळलेली मोजकी जनावरे. देशभर हेच चित्र आहे. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात भारतातले घोडे आणि तट्टे निम्म्याच्या जवळपास घटून सुमारे ३.४ लाखांवर आले.

संख्या घटली तसे घोड्याविषयीचे साधे व्यवहारज्ञानही आटले. वरातीत घोडी अडली, मागे सरली, मान झटकू लागली की चारचौघांच्या तोंडून एकच शब्द निघतो: माजली. मग कुणी लगाम हिसडतो, कुणी चाबूक काढतो. या धंद्यात केस पांढरे झालेल्या इकडच्या एका घोडेवाल्याचे मत मात्र वेगळे. ‘‘भाऊ, घोडी मस्ती नाई करून रायली, तिले दुखून रायलं हाये. आधी तिची पाठ पाय.’’

म्हातारबांचे हे मत शास्त्राच्या कसोटीलाही उतरते. इंग्लंडमधल्या अश्ववैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वाराखालच्या घोड्याच्या वेदना ओळखण्याची एक सूची प्रसिद्ध केली. तिच्यात चोवीस वर्तने आहेत: कान मागे पाडणे, तोंड उघडे ठेवणे, शेपटी सारखी झटकणे, पुढे जायला नकार देणे, पाय अडखळणे वगैरे. यांपैकी आठ किंवा जास्त एकाच वेळी दिसली, तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता फार मोठी. आपण ज्यांना खोडी म्हणतो त्यातल्या बऱ्याचशा या यादीत सापडतात.

पाठ पाहायची कशी, तेही त्याच माणसाकडून पाहण्यासारखे. खोगीर उतरल्यावर तो आधी हात लावत नाही, नुसता घाम बघतो. खोगिराखाली घाम सगळीकडे सारखा आला असेल तर ठीक. ओल्या पाठीवर मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब जास्त पडला आणि घामच दबला. मग मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यापासून पुठ्ठ्यापर्यंत तो बोटे दाबत जातो. निरोगी पाठ बोटाखाली थोडी दबते आणि घोडी उभी राहते. दुखऱ्या जागी बोट गेले की कातडी थरथरते, पाठ खाली जाते, कान मागे पडतात. काळ्या किंवा कुमेत घोड्याच्या पाठीवर जुन्या घावांच्या जागी पांढरे केस उगवतात, तो त्याचा इतिहासच असतो. पांढऱ्या घोडीवर तो वाचता येत नाही, आणि लग्नाला मागणी पांढरीलाच. त्यातही गुलाबी कातडीच्या नुकऱ्या घोड्याला वऱ्हाडचे ऊन नाकाडावर आणि डोळ्यांभोवती अक्षरशः भाजते.

खोगिराचा नियम एकच. स्वाराचे वजन बरगड्यांवरच्या स्नायूंनी पेलले पाहिजे, मणक्याने नाही. खोगिराच्या मधून पुढून मागे उजेड दिसावा, एवढी पोकळी हवी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोणी लावून शेकणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला जू कुठे लागते हे सांगावे लागत नाही. खोगीर हे घोड्याचे जूच आहे. पण लग्नाच्या सामानातले खोगीर नक्षीसाठी घेतलेले असते. एकच खोगीर चार घोड्यांवर चढते, आणि खालची गादी घामाने थिजून पापडासारखी कडक झालेली असते. वजनाचा अंदाजही आपल्याकडे कुणी करत नाही. खोगिरासकट स्वार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नसावा, हा सर्वसाधारण मान. तीनशे किलोच्या तट्टावर साठ किलो झाले. नवरदेव, शेरवानी, फेटा, खोगीर आणि पुढ्यात बसवलेला भाचा यांची बेरीज वाचकांनीच करावी.

तोंडाची गोष्ट याहून नाजूक. घोड्याच्या दाढा दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात आणि चघळण्याने झिजतात. झीज सारखी झाली नाही तर कडांना धार येते, ती गालाला आतून कापते. अशा तोंडात लोखंड घालून ओढले की घोडी मान वर फेकणारच. तिला वठणीवर आणायला काही जण काटेरी लगाम वापरतात. काटे असलेला लगाम किंवा साज जनावराला लावायला १९६५ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे, पण बाजारात तो मिळतो आणि मोत्यांच्या झालरीखाली दिसतही नाही. त्याने घोडी थांबते हे खरे. पण तोंड एकदा मुर्दाड झाले की पुढे साध्या लगामाला ती जुमानत नाही, आणि मालक म्हणतो, बघा, काट्याशिवाय ऐकतच नाही.

घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. लगाम ओढला, घोडा थांबला आणि त्याच क्षणी लगाम सैल झाला, तर ‘थांबलो म्हणून सुटलो’ हे त्याला कळते. थांबल्यावरही ओढ कायम राहिली तर त्याच्या लेखी थांबण्यात काहीच फायदा नाही. म्हणजे बसणाऱ्याचा हात शहाणा हवा. ग्रीक सेनानी झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिलेल्या घोडेस्वारीवरच्या पुस्तकात रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, असे बजावले आहे. वरातीत बसणारा मात्र आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर चढलेला असतो, तोल सांभाळायला लगामालाच लटकतो, आणि समोर डीजे. घोड्याला आपल्याहून बरेच वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, पण नेमके शेपटीमागचे आणि कपाळासमोरचे दिसत नाही. फटाका मागे फुटला की तो उधळतो तो याच कारणाने.

इथे वऱ्हाडच्या इतिहासात थोडे शिरावे लागेल, कारण घोडा कोण जपतो हा प्रश्न मुळात पैशाचा आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी. या फौजेची एक छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला होती. नांदगाव पेठहून ही जागा फार दूर नाही. कंटिंजंटचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे. स्वाराने घोडा स्वतःचा आणायचा आणि मिळणाऱ्या पगारातून त्याची चंदी-वैरणही बघायची. घोडा लंगडला तर चाकरी अडली, मेला तर भांडवल बुडाले. शिलेदारी रिसाल्यांत दुसरा घोडा घेण्यासाठी स्वारांच्या वर्गणीचा फंडही असे. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. तिच्या घोडदळाचा वारसा सांगणाऱ्या विसाव्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर हाय वूडजवळ भाले सरसावून हल्ला चढवला. आज डेक्कन हॉर्सकडे रणगाडे आहेत.

शिलेदाराच्या उलट बारगीर. त्याचा घोडा सरकारचा, म्हणून शिवाजी महाराजांच्या पागेत व्यवस्था चोख ठेवावी लागली. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार आणि तेवढ्या घोड्यांमागे एक नालबंद व एक पखालजी, असे सभासदाच्या बखरीत नोंदले आहे. पखालजी हवाच होता. उन्हात राबणाऱ्या घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते, म्हणजे पंचवीस घोड्यांना पाऊण ते एक हजार लिटर. चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, ती तुम्हीच मारली असे होईल, आणि रयतेलाही तोशीस लागेल, हा त्याचा आशय. माझ्या मते आपल्याकडच्या अश्वसंगोपनावरचा सर्वांत नेमका मजकूर तोच, कारण त्यात लक्षणांपेक्षा हिशेब अधिक आहे. लग्नाची घोडी भाड्याने नेणारा बारगीराहूनही दूरचा असतो. दोन तासांपलीकडे घोडीचे काय होते याच्याशी त्याचा संबंध उरत नाही.

नालबंदाचे आज काय? खूर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी तो कापून, कानस मारून सारखा करावा लागतो. पूर्वी बैलांना पत्र्या ठोकणारे गावोगाव होते, गरजेला तेच घोड्याकडेही बघत. ट्रॅक्टर आले आणि त्यांचा धंदा बसला. आता नालबंद शोधून, गाठून आणावा लागतो, मग सहा आठवड्यांचे चार महिने होतात. पुढे वाढलेल्या खुराने टाच खाली जाते, पायाच्या मागच्या शिरा ताणतात, आणि डांबरावर घोडी पाय मोजून टाकू लागते. पावसाळ्यात वऱ्हाडची काळी माती खुराच्या तळव्यातल्या खाचांत घट्ट बसते. ती रोज कोरून काढली नाही तर तिथे सड लागते. वास आला की समजावे. गंमत अशी की तापीकाठी सारंगखेड्याच्या किंवा नांदेडकडच्या माळेगावच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक घोड्याच्या अंगावरचे भोवरे तपासते. देवमण आहे का, गोम कुठे आहे, चारी पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी आहे का, यावर हजारोंचा फरक पडतो. पाय उचलून खूर उलटा करून बघणारे थोडे.

पोटाचे प्रकरण मात्र जिवावर बेतणारे. एवढ्या धिप्पाड जनावराचे जठर अवघे आठ ते पंधरा लिटरचे, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. निसर्गाने त्याला दिवसभर थोडे थोडे चरायला घडवले आहे. आपण त्याला सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यात हरभरा देतो आणि मध्ये उपाशी बांधतो. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण, म्हणजे तीनशे किलोच्या घोडीला पाच-सहा किलो, हा रोजच्या खाण्याचा पाया हवा; चंदी कामाच्या मानाने, आणि वैरण खाऊन झाल्यावर. वऱ्हाडात कडबा मुबलक आहे, चांगला वाळलेला असेल तर चालतो. कोवळी ज्वारी आणि कापणीनंतरचे हिरवे फुटवे धोक्याचे. त्यांतल्या विषाने गुरे मरतात हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. घोड्यात हिरवी ज्वारी फार दिवस खाल्ल्याने मूत्राशय सुजते आणि मागचे पाय लटपटू लागतात, हे कमी जणांना माहीत असते. परतीच्या पावसात भिजून बुरशी धरलेले सोयाबीनचे कुटार घोड्यासमोर टाकूच नये. आणि लग्नघरच्या बायाबापड्या प्रेमाने बुंदी-गूळ भरवतात, त्यांना हात जोडून थांबवावे. गोडाचा किंवा धान्याचा एकदम मारा झाला तर पोटशूळ उठतोच, शिवाय खुरांच्या आतला थर सुजून घोडा कायमचा पांगळा होऊ शकतो.

घोडी पोटाकडे वळून बघू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, पुन्हा पुन्हा लोळू लागली, लीद बंद झाली, तर खाणे काढून घ्यावे आणि पशुवैद्याला बोलवावे. नळकांड्याने घशात तेल ओतण्याचा जुना उपाय नको, ते फुप्फुसात गेले तर घोडी पोटशुळाऐवजी त्यानेच मरते. अवघड दुखणे असेल तर अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था किंवा नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय गाठावे लागते. दोन्ही शंभर-दीडशे किलोमीटरवर, आणि पोटशुळाला तेवढा धीर नसतो.

रोगांत इकडे सर्रा लक्षात ठेवायला हवा. चावऱ्या माशांतून पसरणारा हा रक्तातल्या परजीवीचा आजार. ताप येतो-जातो, घोडी खात असूनही खंगते, पोटाखाली व पायांवर सूज उतरते. हा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० मध्ये पंजाब सरहद्दीवरच्या घोड्यांत व उंटांत शोधला. माणसात त्याची लागण झाल्याची पहिली पक्की नोंद मात्र विदर्भातलीच आहे, २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची. तो उपचाराने बरा झाला. शेंबा, म्हणजे ग्लँडर्स, याहून धोकादायक, कारण त्याला लस नाही आणि तो माणसालाही होतो. बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो. २००६ मध्ये पुणे-पाचगणीकडे तो उफाळला होता. बाजारातून आणलेली घोडी आधी रक्त तपासल्याशिवाय इतरांत मिसळू नये ते यासाठीच. धनुर्वाताची लस तर कुणी विसरूच नये, खिळ्यांशी रोजचा संबंध असलेले हे जनावर आहे.

आता ऊन. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि आपले मुहूर्त भर दुपारचे. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठीचे १९६५ चे तेच नियम सांगतात, की तापमान ३७ अंशांवर असेल तर बारा ते तीन काम घेऊ नये, आणि दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त तर कधीच नाही. नवरदेव हे ओझे नव्हे, असे कुणी म्हणेल. घोडीला विचारावे. तिचा घाम आपल्यापेक्षा खारट असतो, म्हणून पाण्याबरोबर मीठही भरून द्यावे लागते. गव्हाणीत सैंधवाचा खडा टांगलेला असावा. विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला अठ्ठावीस ते चव्वेचाळीस आणि ताप ३८.५ अंशांपर्यंत हे ठीक. वरात संपून अर्धा तास झाला तरी नाकपुड्या भात्यासारख्या चालत असतील, तर ती संकटात आहे. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, हा समज सर्वत्र होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत झालेल्या संशोधनाने तो खोटा ठरवला. भरपूर गार पाणी ओतत राहावे, सावलीत वाऱ्याला उभे करावे. ओले गोणपाट पाठीवर टाकून विसरून जाणे मात्र वाईट, ते तापते आणि उष्णता आत कोंडते.

चातुर्मासात मुहूर्त नसतात, कमाई थांबते आणि चंदी सर्वांत आधी तुटते. घोडी चार महिने एका जागी अगाडी-पिछाडीने बांधलेली राहते. दसऱ्याला अंघोळ, हळदकुंकू, हार, आणि तुळशीच्या लग्नानंतर एकदम तीन-तीन वराती. जखमा याच दिवसांत होतात, कारण स्नायू गेलेल्या पाठीवर जुने खोगीर बसत नाही. मराठा फौजाही पावसाळ्यात छावणीला जात, पण तिथे दाणा, वैरण, औषधे आधी साठवलेली असत. भाद्रपदापासून रोज अर्धा तास मोकळी चाल, पुढे पंधरा दिवसांनी थोडी दुडकी, खूर नीट कापलेले, खोगिराची गादी उसवून नव्याने भरलेली, एवढे केले तरी कार्तिकातली घोडी वेगळीच चालते. नांदगाव पेठच्या त्या म्हातारबांनी गेल्या पावसाळ्यात गादी भरून घेतली. खर्च विचारला तर म्हणाले, ‘‘दोन वरातीचे गेले. पाठ सोलली असती तं बारा वरातीचे गेले असते.’’