तिसा सलासीन मया व अलफ

भाईंदरच्या खाडीपलीकडचा वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला, ते वर्ष मोडी कागदांच्या रीतीने कसं लिहायचं, ठाऊक आहे? ‘तिसा सलासीन मया व अलफ’! हा मंत्र नाही, चक्क आकडा आहे. तिसा म्हणजे नऊ, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. बेरीज 1139. हा सुहूर सन. त्यात 600 मिळवा. आलं ना 1739?

पण थांबा. हे वर्ष सुरू होई मृग नक्षत्राला, पेरणीच्या तोंडावर. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदात 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. आकडे अरबी, लिपी मोडी आणि वर्षारंभ शेतकऱ्याचा! एका ओळीत केवढं जग मावलंय!

असे कागद ज्यांनी आयुष्यभर उलगडले, ते होते मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारे एक मास्तर: वासुदेवशास्त्री खरे. जन्म 1858, गुहागरचा. मिरजेत पटवर्धन सरदारांच्या दफ्तरात पत्रांचे रुमाल बांधलेले होते. त्यांतून निवडलेली पत्रं शास्त्रीबुवांनी बालबोधीत उतरवली, कालक्रमाने लावली आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने छापायला सुरुवात केली.

कालक्रमाने लावली, हे म्हणायला सोपं. पण छावणीतून घरी धाडलेल्या पत्रावर पुष्कळदा वर्षच नसे! नुसतं ‘छ 7 जमादिलाखर’. म्हणजे महिना कळला, तारीख कळली, पण साल? इथे आकाशातला चंद्र मदतीला येतो. जमादिलाखर हा हिजरी महिना, चंद्रावर चालणारा; आणि हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे त्याचे महिने ऋतूंमधून मागे मागे सरकत जातात आणि साधारण 33 वर्षांत पूर्ण फेरी मारतात. पानिपतची लढाई झाली जानेवारी 1761 मध्ये, कडाक्याच्या थंडीत. महिना होता जमादिलाखर. सोळा वर्षांनी, 1777 साली, तोच जमादिलाखर आला भर जुलैत! आता समजा, जमादिलाखरातल्या पत्रात कोणी लिहिलंय की नदीला पूर आहे, फौज उतरत नाही. ते पत्र पानिपतच्या हंगामातलं असेल का? शक्यच नाही. पुराची एक तक्रार, आणि सालाचा माग लागतो! मग पत्रातली माणसं, लढाया, मृत्यू ताडून पाहायचे आणि नेमकं वर्ष पकडायचं. मला तर याहून रोमांचक शोधकथा ठाऊक नाही.

तारखा लागल्या की भूगोलही बोलू लागतो. पत्राखाली मुक्कामाचं गाव असतं. ओळीने मुक्काम मांडले की फौजेची वाट नकाशावर उमटते: कुठे घाट उतरली, कुठल्या नदीला उतार होता, वैरण कुठे मिळाली, कुठे मिळाली नाही. कृष्णेपासून श्रीरंगपट्टणापर्यंतचा मुलूख असा गावागावाने उभा राहतो.

शास्त्रीबुवांनी पत्रं नुसती छापली नाहीत; मधले दुवे सांगणारी हकीकतही सोबत लिहिली, म्हणून ती आपल्यासारख्यालाही सलग वाचता येतात. शिवाय नाटकं लिहिली, नाना फडणवीसांचं चरित्र लिहिलं, आणि 1913 मध्ये शेजारच्या इचलकरंजी संस्थानाचा स्वतंत्र इतिहास लिहिला. 1924 मध्ये ते गेले. लेखसंग्रहाचे खंड आजही जुन्या ग्रंथालयांत मिळतात. एखादा हाती आला, तर कुठलंही पान उघडा आणि आधी पत्राखालचा मुक्काम वाचा.