बिनसाखरेची गोडी : भीती कशाची, काळजी कशाची?

वलीम्याच्या मंडपात बिर्याणीच्या देगांशेजारी बर्फाने भरलेला टब असतो. त्यात पूर्वी दोन-तीन रंगांच्या बाटल्या असत, आता 'झिरो' आणि 'डाएट' लिहिलेल्या बाटल्याही हमखास दिसतात. मधुमेहाचे मेहमान त्याच शोधून घेतात. मग शेजारचा कोणीतरी हटकतो, "चाचा, ते पिऊ नका, त्याने कॅन्सर होतो. मोबाइलवर आलं होतं." चाचा बाटली खाली ठेवतात आणि साखरेची उचलतात!

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. ३०० मिलिलिटर साध्या कोलात ३० ग्रॅमहून जास्त, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. एका अर्धवट बातमीमुळे माणूस अधिक वाईट वस्तूकडे वळत असेल, तर ती बातमी पूर्ण वाचलीच पाहिजे.

बातमी १४ जुलै २०२३ ची. त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन समित्यांनी ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडीबद्दल एकदमच निर्णय जाहीर केले. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या संस्थेने ॲस्पार्टेमला 'मानवात कर्करोगाची शक्यता' असलेल्या २-ब गटात टाकले. यकृताच्या कर्करोगाशी संबंध असल्याचा पुरावा मिळतो, पण तो मर्यादित आहे, असे तिचे म्हणणे. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. दुसरी समिती अन्नात मिसळल्या जाणाऱ्या पदार्थांची. तिने जुनीच मर्यादा कायम ठेवली : शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ४० मिलिग्रॅम.

मोबाइलवर फिरला तो पहिला निर्णय. दुसरा कोणी पुढे पाठवलाच नाही. वास्तविक दोन्ही समित्यांचे प्रश्नच वेगळे होते. गावात विहीर आहे आणि तिच्यात पडून माणूस बुडू शकतो, हे सांगणे निराळे. रोज पाणी शेंदणाऱ्या बाईला धोका किती, हे सांगणे निराळे. पहिल्या समितीने विहीर दाखवली, दुसरीने कठडा मोजला.

हिशेब असा मांडला गेला. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम धरले आणि दुसरीकडून ते पोटात जात नसले, तर ७० किलोच्या माणसाला मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. इतके कोण पितो? पण आम्ही शिक्षक असल्यामुळे गणित दिसले की आकडे बदलून पाहण्याची खोड आहे. ७० च्या जागी २० किलो घाला, म्हणजे पहिली-दुसरीतले मूल. त्याची मर्यादा ८०० मिलिग्रॅम. ती तीन-चार कॅनमध्येच गाठली जाते. ईदच्या दिवशी चार घरी सलाम करायला गेलेल्या मुलाला हे फार अवघड नाही. मोठ्यांसाठी दिलासा देणारे गणित लहानांसाठी तितके दिलासा देत नाही.

आता थोडा इतिहास, कारण हा वाद काही आजचा नाही. कृत्रिम गोडीतली सर्वांत जुनी म्हणजे सॅकरीन. १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ डांबरापासून निघणाऱ्या पदार्थांवर काम करत होता. घरी जेवताना पाव गोड लागला. हात नीट धुतले नव्हते, बोटांवर काहीतरी राहिले होते. (विद्यार्थ्यांना हा किस्सा फार आवडतो, पण प्रयोगशाळेत याचे अनुकरण करू नये!) पुढे अमेरिकेत सॅकरीनवर बंदी घालावी असे सरकारी रसायनतज्ज्ञ म्हणू लागले, तर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट संतापले. त्यांचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरीनच देत असत.

१९७७ साली पुन्हा वादळ उठले. कॅनडातील प्रयोगात सॅकरीन खाणाऱ्या उंदरांना मूत्राशयाच्या गाठी झाल्या. त्या उंदरांच्या खाण्यात शंभर भागांतले पाच भाग सॅकरीन होते. अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला, पण मधुमेहींनी ओरड केली, कारण सायक्लामेटवर आधीच बंदी आल्याने त्यांच्यासाठी ही एकच गोडी उरली होती. बंदी टळली, मात्र पाकिटावर इशारा छापला जाऊ लागला. पुढे कळले, की उंदराच्या लघवीची घडण वेगळी असल्याने तिथे खडे साचून ती इजा होते, माणसात तसे घडत नाही. २००० साली तो इशारा काढून टाकण्यात आला. भीती पसरायला एक बातमी पुरली, ती निवळायला तेवीस वर्षे लागली.

ॲस्पार्टेम त्यामानाने नवे. १९६५ साली सापडले, साखरेच्या सुमारे २०० पट गोड. त्याविषयी आम्हांला घरोघरी एक प्रश्न विचारला जातो : "यात अल्कोहोल असतं म्हणे?" ॲस्पार्टेम पचताना थोडेसे मिथेनॉल तयार होते, हे खरे. ते दारूतले अल्कोहोल नव्हे, दारूत असते ते इथेनॉल. आणि एवढे मिथेनॉल फळांच्या किंवा टोमॅटोच्या रसातूनही आपल्या पोटात जातच असते. तेव्हा हा मुद्दा मनातून काढून टाकावा.

मनात ठेवण्यासारखा मुद्दा दुसराच आहे. लोक 'डाएट' पितात ते वजन उतरावे म्हणून. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोड्यांवर भिस्त ठेवू नये. थोड्या महिन्यांच्या प्रयोगांत वजन जरा कमी होते, पण दीर्घ काळात फायदा दिसत नाही. उलट वर्षानुवर्षे पिणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात. येथे एक मेख आहे. ज्याचे वजन आधीच वाढले आहे, साखर वाढू लागली आहे, तोच डाएटकडे वळतो. मग आजार पेयामुळे, की आजाराच्या चाहुलीमुळे पेय? २०२२ साली फ्रान्समधील एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात ॲस्पार्टेम जास्त घेणाऱ्यांत कर्करोग किंचित अधिक दिसला, तिथेही हीच शंका उरते. म्हणून शास्त्रज्ञ 'संबंध दिसतो' म्हणतात, 'यानेच होते' असे म्हणत नाहीत. शिवाय तो मे महिन्यातला सल्ला ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नव्हता, हेही बातमीत गळाले.

आमचे मत विचाराल तर असे : मधुमेहाच्या माणसाने साखरेच्या बाटलीऐवजी कधीमधी डाएटची घेतली, तर त्याला कोणी घाबरवू नये. पण तहान लागली की पाणी, नाहीतर बिनसाखरेचे ताक. डाएट पेयात साखर नसली तरी आम्ल असतेच, ते दातांचे कवच झिजवते. मुलांना मात्र ते देऊच नये. आमच्या वर्गातील मुलांना एकदा रिकाम्या बाटल्यांवरचा मजकूर वाचायला सांगितला, तेव्हा एका मुलीने भिंगाने वाचावी अशी ओळ शोधून काढली : मुलांसाठी शिफारस नाही. भारतात ही सूचना छापावी लागते. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असणाऱ्यांसाठीही ॲस्पार्टेमवर इशारा असतो, कारण त्यातला एक घटक त्यांच्या शरीराला पचवता येत नाही.

स्वयंपाकघरातही थोडे जपायला हवे. ॲस्पार्टेम उष्णतेने मोडते आणि गोडी जाते, तेव्हा उकळत्या शीरखुर्म्यात ती पूड टाकण्यात अर्थ नाही. आच बंद करून, जरा निवल्यावर घालावी. सुक्रालोज उष्णता अधिक सोसते, तरी भट्टीत भाजायच्या पदार्थांत ते वापरण्याबाबत जर्मनीच्या सरकारी संस्थेने २०१९ साली सावध केले आहे. आणि 'शुगर फ्री' मिठाईच्या डब्यावर विसंबू नये. साखर नसली तरी मैदा, खवा, तूप आहेच, आणि मैद्याने रक्तातली साखर वाढतेच. खजूर आणि मध यांची बरकत आपण मानतो, पण त्यांतही साखरच आहे. मधुमेह असलेल्या दादीजानने मूठभर खजूर खाल्ले, तर ग्लुकोमीटर ते दाखवणारच.

एक गोष्ट मात्र ज्या घरी इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्या घरातील प्रत्येकाला माहीत असावी. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली, अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले, की घाईत फ्रिज उघडला जातो आणि हाताला लागेल ती बाटली पुढे केली जाते. घरात फक्त डाएट असेल तर तीच दिली जाते. जीभ गोड होते, रक्तात काहीच पोहोचत नाही. त्या वेळी लागते ती खरी साखर : १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून. रोजा असला तरी तो तिथेच सोडायचा, थांबायचे नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. माणूस बेशुद्ध होत असेल तर तोंडात काही ओतू नये, सरळ दवाखाना गाठावा. आणि साखरेचा डबा सर्वांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावा, मधुमेह्याच्या घरातही.