धावायचे बूट निवडताना : पालक आणि शिक्षकांसाठी थोडं



मागच्या हिवाळ्यात केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धांची तयारी चालू होती. आमच्या शाळेचं मैदान म्हणजे मुरूम टाकलेली मोकळी जागा. त्यावर फक्कीने पट्टे आखलेले. चौथीतला एक मुलगा दोन फेऱ्या मारून टाच वर धरून चालायला लागला. मी म्हटलं, "नाटकं करू नकोस, पळ." तो बिचारा पळाला. आठ दिवसांनी त्याची आई शाळेत आली. "मॅडम, ह्याची टाच सकाळी खाली टेकतच नाही," म्हणाली.

शहरात डॉक्टरांना दाखवलं. साधारण आठ ते चौदा वर्षांच्या मुलांमध्ये टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून वाढत असतो, तो पूर्ण पक्का झालेला नसतो. पोटरीची जाड शीर तिथेच जोडलेली असते. मूल खूप पळालं, उड्या मारल्या, की ती शीर त्या वाढत्या भागाला सारखी ओढते आणि तो दुखायला लागतो. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की मूल कळवळतं, ही त्याची सोपी खूण. विश्रांती दिली की बरं होतं, हाड पक्कं झालं की कायमचं थांबतं. पण दुखत असताना पळवलं तर वाढतं. आणि मी तर पळवलं होतं.

डॉक्टरांनी त्याचे बूट मागून घेऊन पाहिले. मोठ्या भावाचे जुने, टाच एका बाजूने पार झिजलेली, आणि सैल होतात म्हणून पुढे कागदाचा बोळा कोंबलेला. दुखण्याचं मूळ कारण बूट नव्हते, पण त्या बुटांनी टाचेला कसलाच आधार दिला नव्हता. तेव्हापासून या विषयावर जे वाचलं, विचारलं, ते इथे मांडते आहे.

आधी एक गोष्ट, जी दुकानदार सांगणार नाही. महाग बूट घेतला म्हणजे दुखापत टळते, असा पुरावा नाही. २०२२ मध्ये प्रौढांवर झालेल्या बारा चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या, त्यात अकरा हजारांहून जास्त माणसं होती. एका प्रकारच्या बुटाने दुसऱ्यापेक्षा दुखापती कमी होतात असं त्यातून ठामपणे सांगता आलं नाही. अमेरिकेच्या सैन्यातही हा प्रयोग झाला. नव्या जवानांच्या तळव्याची कमान बघून, सपाट पायाला एक बूट, उंच कमानीला दुसरा, असं वाटप केलं. बाकीच्यांना सरसकट एकच बूट दिला. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणून "तुमच्या मुलाचा पाय सपाट आहे, हाच खास बूट लागेल" असं कोणी म्हटलं तर लगेच खिशात हात घालू नका. तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारा, दुकानात नको.

मग बघायचं काय? मापात बसणं आणि पायाला बरं वाटणं. अभ्यासकही आता बहुतेक याच मुद्द्यावर येतात, की घालून पळताना जो पायाला सुखाचा वाटतो तो बूट निवडावा. ऐकायला फार साधं वाटतं, पण आपल्याकडे नेमकं हेच होत नाही.

आपल्याकडे काय होतं बघा. वडील बाजाराच्या दिवशी एकटेच येतात. खिशात सुतळीचा तुकडा, तेच मुलाच्या पायाचं माप. त्यात पायाची लांबी कळते, रुंदी नाही. आणि वर "दोन नंबर मोठाच द्या, दोन वर्षं चालला पाहिजे." आता हिशेब करू. आपल्याकडच्या बुटांचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन नंबर मोठा म्हणजे सतरा मिलिमीटर जास्त. त्यात पाय पुढे-मागे घसरतो, टाच उचलते, बोटं बूट धरून ठेवायला आखडतात, फोड येतात. शिवाय बूट जिथे वाकायला हवा तिथे वाकत नाही, कारण मुलाचा चवडा एकीकडे आणि बुटाची वाकण्याची जागा दुसरीकडे.

मी पालकसभेत आता सुतळीऐवजी एक युक्ती सांगते. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो, मुलाला जाड पुठ्ठ्यावर उभं करा. बसवून नाही, उभं. दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवा, कारण दोन पाय क्वचितच एकसारखे असतात. तो आकार कापा. गुलमंडीत, पैठण गेटला, जिथे कुठे जाल तिथे तो पुठ्ठा बुटाच्या आत सरकवून बघा. कडा दुमडल्या तर बूट अरुंद. पुढे अंगठाभर जागा उरली तर लांबी बरोबर. मुलाला बरोबर नेता आलं तर उत्तमच. मग शाळेत घालतो तेच मोजे घालून, नाडी बांधून, दुकानासमोर चार उड्या मारायला लावा. दुकानदार हसेल, हसू दे.

बूट हातात घेऊन आणखी दोन गोष्टी बघा. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबला तर लगेच चपटा होऊ नये. आणि बूट वाकवला तर चवड्यापाशी वाकावा, मधोमध वहीसारखा दुमडू नये. नाडी किंवा पट्टा हवाच. नुसते सरकवून घालायचे बूट पळायला नकोत.

पैशांची अडचण मला माहीत आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने शासकीय शाळांतल्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यासाठी दर मुलामागे १७० रुपये धरले होते. एवढ्यात धावायचा बूट येत नाही, तो शाळेत यायचाच बूट. म्हणून माझ्या वर्गात ज्यांच्याकडे धड बूट नाहीत त्यांना मी मुरुमावर शर्यत लावतच नाही. काटे-खडे वेचलेल्या मऊ मातीवर त्यांना अनवाणी पळू देते. वाईट बुटापेक्षा ते बरं.

आता कोणी म्हणेल, अनवाणी पळून लोक जिंकलेत की! बरोबर आहे. इथिओपियाचे अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी पळून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकले. आपल्याकडे साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून बारामतीला अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. लहानपणापासून अनवाणी पळणारा माणूस बहुधा टाच आपटत नाही, चवड्यावर उतरतो, त्यामुळे धक्का कमी बसतो. पण ती वर्षानुवर्षांची सवय असते. ज्या मुलाचे पाय रोज बुटात असतात, त्याला एका दिवसात अनवाणी दोन किलोमीटर पळवलं तर पोटऱ्या धरणारच.

हीच गोष्ट पोलीस भरतीच्या मुलांची. गारखेड्याच्या क्रीडा संकुलात पहाटे गेलात तर दिसतील. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि गुण सेकंदांवर. जाहिरात निघाली की घरातला दादा एकदम रोज पाच-सात किलोमीटर डांबरी रस्त्यावर पळायला लागतो. तीन आठवड्यांत नडगी ठणकायला लागते. मग नवा बूट घेतो, तरी थांबत नाही, कारण हाडाला एवढ्या भाराची सवय व्हायला वेळच मिळालेला नसतो. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी, हाडावर, टोचल्यासारखं दुखत असेल तर ती हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. त्यावर पळणं म्हणजे भरतीच हुकणं. आधी थांबा, दाखवा. अंतर हळूहळू वाढवा, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्या, जमेल तितकं मातीवर पळा. बुटाचं काम यानंतर सुरू होतं. जाताजाता एक, भरतीच्या दिवशी कोरा बूट घालून जाऊ नका. निदान दोन आठवडे त्यात पळलेलं असावं.

बूट कधी बदलायचा? मोठ्यांसाठी पाचशे ते आठशे किलोमीटर असा ढोबळ आकडा सांगतात. लहान मुलांचा बूट झिजण्याआधी आखूड होतो. म्हणून मी दर दोन महिन्यांनी शनिवारी मुलांना बूट घालून रांगेत उभं करते आणि पुढून अंगठ्याने दाबत जाते. बोट लगेच लागलं की वहीत नाव, आणि पालकांना निरोप. मग बूट उलटे करून टाचा बघतो. कुणाची टाच किती झिजली हे बघायला मुलांना भारी मजा येते.

तो चौथीतला मुलगा त्या वर्षी स्पर्धेत उतरू शकला नाही. दीड महिना तो पट्ट्यांच्या बाजूला बसून माझं घड्याळ धरायचा. नंतर पळायला लागला, मापाच्या साध्या बुटांत. अजूनही मैदानावर कुणी पाय उचलून चाललं, की माझ्याआधी तोच जाऊन विचारतो, "टाच दुखते का रे?"