फॉरमॅट मारण्याआधी कॉम्प्युटरला मागच्या तारखेवर नेऊन बघा

कालपर्यंत ठीक चाललेला कॉम्प्युटर एखादे अपडेट किंवा नवे सॉफ्टवेअर पडल्यावर अचानक बिघडतो. प्रिंटर सापडत नाही, आवाज जातो, नाहीतर स्क्रीन सारखी निळी होते. दुरुस्तीला नेला की बऱ्याचदा एकच उत्तर मिळते, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’

फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे. आधी प्रत काढली नसेल तर मुलांचे फोटो, जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रे, दुकानाचा हिशेब सगळे जाते. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात एकाच कॉम्प्युटरवर मराठी आणि कन्नड दोन्हींचे टायपिंग सॉफ्टवेअर असणे नवे नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे त्या फॉन्टशिवाय नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा दिसतात. तो फॉन्ट पुन्हा मिळवायचा म्हणजे शोधाशोध आलीच.

या सगळ्याआधी करून बघण्यासारखा एक उपाय विंडोजमध्येच आहे, तो म्हणजे सिस्टीम रिस्टोअर. २००० साली आलेल्या विंडोज एमईपासून ही सोय आहे. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. अट एकच, बिघाड होण्याआधी ती चालू असली पाहिजे.

हे नेमके काय करते?

हिशेब जुळत नसेल तर जमाखर्च लिहिणारा माणूस शेवटची शिल्लक कोणत्या तारखेला जुळली होती ते आधी बघतो. सिस्टीम रिस्टोअरचेही तसेच आहे. नवे ड्रायव्हर, अपडेट किंवा सॉफ्टवेअर बसण्याआधी विंडोज अनेकदा स्वतःच्या फाइल आणि सेटिंगची नोंद करून ठेवते. तिला रिस्टोअर पॉइंट म्हणतात. पुढे बिघाड झाला तर त्या तारखेवर परत जाता येते.

मागे जातात त्या विंडोजच्या फाइल, ड्रायव्हर, सेटिंग आणि बसवलेली सॉफ्टवेअर. त्या तारखेनंतर टाकलेला प्रोग्राम निघून जातो, तो पुन्हा बसवावा लागतो. फोटो, पत्रे, व्हिडिओ यांना हात लागत नाही. मात्र हिशेबाच्या काही सॉफ्टवेअरचा डेटा सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये असतो. त्यामुळे मागे जाण्यापूर्वी त्याची प्रत पेन ड्राइव्हवर घेतलेली बरी.

आज पाच मिनिटे काढा

बऱ्याच कॉम्प्युटरवर ही सोय बंदच असते, आणि ते कळते बिघाड झाल्यावर. तेव्हा चालू करून उपयोग नाही, कारण मागची नोंदच नसते. म्हणून कॉम्प्युटर चांगला चालतोय तेव्हाच हे करा.

१. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिस्टोअर पॉइंट’ असे इंग्रजीत टाइप करा. ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ हा पर्याय येईल, तो उघडा.
२. सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा आणि ‘टर्न ऑन सिस्टीम प्रोटेक्शन’ निवडा.
३. खालच्या पट्टीवर जागा ठरवा. ५ ते १० टक्के पुरते. २५६ जीबीच्या डिस्कवर ५ टक्के म्हणजे साधारण १२-१३ जीबी.
४. ‘ओके’ करून ‘क्रिएट’ दाबा आणि ओळखू येईल असे नाव द्या. उदाहरणार्थ, ‘नवा प्रिंटर टाकण्याआधी’.

ठरवलेली जागा भरली की सर्वांत जुनी नोंद आधी पुसली जाते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत जून २०२५ च्या अपडेटनंतर या नोंदी जास्तीत जास्त ६० दिवस राहतात. म्हणजे एकदा नोंद केली आणि वर्षभर निर्धास्त, असे नाही. नवे काही बसवण्याआधी ताजी नोंद करण्याची सवय ठेवावी.

मागे कसे जायचे?

त्याच खिडकीत ‘सिस्टीम रिस्टोअर’ हे बटण आहे. ते दाबले की तारखांची यादी येते. बिघाडाच्या लगेच आधीची तारीख निवडा, उगाच फार मागे जाऊ नका. ‘स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स’ दाबले की कोणती सॉफ्टवेअर जातील आणि कोणती परत येतील ते आधीच कळते.

काम सुरू झाल्यावर मध्येच बंद करायचे नाही. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि लाइट जायची वेळ असेल, तर थोडं थांबा. त्या तारखेला असलेला पासवर्डही आठवणीत हवा.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तरी वाट बंद होत नाही. दोन-तीन वेळा सुरू होता होता अडकला की विंडोज स्वतःच दुरुस्तीची निळी स्क्रीन दाखवते. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि त्यात ‘सिस्टीम रिस्टोअर’ मिळेल. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. बऱ्याच घरगुती कॉम्प्युटरची ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. ती आजच कागदावर लिहून ठेवा.

चालू विंडोजमधून मागे गेलात आणि फरक पडला नाही, तर केलेले उलटवता येते. सेफ मोडमधून किंवा दुरुस्तीच्या स्क्रीनवरून गेलात तर मात्र उलटवता येत नाही.

कुठे उपयोग नाही?

डिस्कच खराब होत असेल किंवा रॅम बिघडली असेल तर तारीख बदलून काही होणार नाही. पुसलेली फाइलही याने परत येत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका मोठ्या अपडेटनंतर काहींच्या फाइल नाहीशा झाल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट काही दिवसांतच थांबवावे लागले. अशा वेळी वाचतो तो ज्याने प्रत वेगळी ठेवली आहे.

शिवाय रिस्टोअर पॉइंट त्याच डिस्कवर असतात. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायने फाइलना कुलूप लावताना डिस्कवरच्या या जुन्या प्रतीही पुसल्या होत्या. म्हणून महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवी, आणि काम झाले की ती डिस्क काढून ठेवायला हवी.

तरीही दुकानात जावे लागले तर

विंडोजची नवी आवृत्ती नुकतीच बसली असेल तर सेटिंगमधल्या ‘रिकव्हरी’त ‘गो बॅक’ असते. ही सोय साधारण १० दिवसच मिळते. ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडल्यास फाइल राहतात, पण बाहेरून टाकलेली सगळी सॉफ्टवेअर जातात. फॉरमॅटचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो.

कॉम्प्युटर दुरुस्तीला देताना तीन प्रश्न विचारा. रिस्टोअर करून बघितलं का? डेटाची प्रत कुठे घेणार? फॉन्ट आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर परत बसवून देणार का? या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नका.