लोकमान्य नव्हे, आमचे टिळक!

टीम आउटिंगची बस लोणावळ्याला चालली होती. मागच्या सीटवर अंताक्षरी जोरात होती. (तेव्हा मी पुण्यात एका आयटी कंपनीत कंटेंट लिहायचे.) ‘त’ आला आणि सगळे अडकले. माझ्या तोंडातून एकदम एक जुनं गाणं निघालं. टेस्टिंगमधला एकजण खूश होऊन म्हणाला, ‘वा, अभंग! तुकारामांचा ना?’

‘नाही, टिळकांचा.’

‘लोकमान्य अभंगपण लिहायचे?’

अख्खी बस हसली. मग सांगावं लागलं, की हे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि गाणं मी नांदेडला चर्चच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे संडे स्कूलमध्ये शिकले. पुढचं वाक्य मला पाठच आहे. ‘अय्या, तू ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलतेस!’

पेटी, तबला, गीत नंबर

तुमच्या डोक्यात पियानो आणि पांढऱ्या झग्यातला कॉयर आला असेल, तर जरा थांबा. आमच्याकडे सतरंजी होती, भाता फाटलेली पेटी होती, तबला आणि झांजा होत्या. बाई गीत नंबर सांगायच्या आणि आम्ही ‘उपासना संगीत’ची पानं फडफडवायचो. पुढचा नंबर कुठला, यावर लिमलेटच्या गोळीची पैज लागायची. परत येताना गुरुद्वाऱ्याकडून कीर्तन ऐकू यायचं, संध्याकाळी गल्लीत भजन. सगळीकडे पेटी-तबला. देवाचं गाणं असंच असतं, अशी माझी पक्की समजूत होती.

ती समजूत ज्यांच्यामुळे झाली, ते हे टिळक. 1861 साली कोकणातल्या करजगावात ब्राह्मण घरात जन्म, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा आणि नंतर बरीच वर्षं अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) मिशनचं काम. तोवर चर्चमधली बरीच गाणी म्हणजे इंग्रजी चालीवर बसवलेले मराठी शब्द. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन असं सगळं घरचं सामान चर्चमध्ये नेलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. ‘केवढे हे क्रौर्य’मधली जखमी पक्षीण आठवतेय? ती कविता यांचीच. पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल, तर येता वीकेंड त्यालाच द्या.

लातूर पॅटर्न आणि कीबोर्ड

दहावीनंतर आम्ही लातूरला आलो. लातूर पॅटर्नमध्ये रविवार सकाळसुद्धा ट्यूशनची, त्यामुळे शब्बाथ शाळा सुटली. कधी चर्चला गेलेच, तर तिथे आमच्या वयाच्या मुलांचा बँड असायचा. कीबोर्ड, ड्रम्स, हिंदी-इंग्रजी गाणी, शब्द प्रोजेक्टरवर. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. पेटीवरची गाणी आजीची वाटायला लागली. मास कॉम करून पुण्यात आल्यावर तर तीही विसरले. म्हणजे, विसरले असं वाटलं होतं.

गेल्या वर्षी आईचा फोन आला. ‘आजीला आता माणसं ओळखू येत नाहीत. येऊन जा.’ शुक्रवार रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून नांदेड गाठलं. आजीनं मला तीनदा आत्याच्या नावानं हाक मारली. काय बोलावं कळेना, म्हणून उशाजवळचं ‘उपासना संगीत’ उघडलं. आमच्या घरच्या प्रतीत फक्त शब्द आहेत. सूर कुठेच नाहीत. वर बारीक अक्षरात ‘चाल’ म्हणून कुठल्यातरी दुसऱ्या गाण्याचं नाव. ते दुसरं गाणं आता कोणाला येतं? आईला येत नाही, मला तर नाहीच.

तेव्हा लक्षात आलं, की पुस्तकातलं अर्धं गाणं आजीच्या गळ्यात आहे. ती गेली, की शब्द राहतील आणि चाल जाईल.

अंदाजानं मी गुणगुणायला लागले. दुसऱ्या ओळीला आजीनं डोळे उघडले. ‘असं नाही गं, वर जायचं तिथं!’ म्हणत तिनं पलंगाच्या कडेवर ताल धरला आणि चारही कडवी म्हटली, एकही शब्द न चुकता. माझं नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. माझी चूक मात्र लगेच सापडली.

दोन दिवसांत अकरा गाणी रेकॉर्ड झाली. मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, पंखा कुरकुरतोय. आजी डिसेंबरात गेली. नाताळला लातूरच्या त्याच बँडमधल्या कीबोर्डवाल्या मित्राला एक फाइल पाठवली. तासाभरात त्याचा मेसेज: ‘ही चाल भारी आहे. आणखी आहेत?’

तुमच्याही घरात कुणाच्या तरी गळ्यात असं काही असेल. जात्यावरची ओवी, पाळणा, एखादी फक्त तुमच्याच घरात म्हटली जाणारी आरती. या रविवारी मोबाइल समोर ठेवा आणि म्हणायला सांगा. मेमरी फुल असेल, तर चार सेल्फी डिलीट करा.